प्लमचा बाजार: वाण नवे, शीतसाखळी जुनीच

हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि उत्तराखंड या पहाडी राज्यांतून येणारा प्लम, म्हणजेच ताजा आलुबुखारा, मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत देशभरातील फळबाजारांत दाखल होतो. दिल्लीच्या आझादपूर बाजारातून, नवी मुंबईतील वाशीच्या घाऊक बाजारातून तो किरकोळ विक्रेत्यांच्या हातगाड्यांवर आणि दुकानांत पोहोचतो. सफरचंदाच्या तुलनेत या फळाची उलाढाल लहान आहे. तरीही मध्यम उंचीवरील डोंगरउतारांवर बागा असलेल्या अनेक कुटुंबांसाठी सफरचंदाचा पैसा हाती येण्यापूर्वीची ही कमाई असते. खते, औषधे आणि खोकी यांचा पुढील खर्च बऱ्याचदा याच पैशातून भागतो.

गेल्या काही वर्षांत कुलू आणि मंडी या जिल्ह्यांतील बागायतदारांनी प्लमचे वाण मोठ्या प्रमाणावर बदलले. पारंपरिक ‘सांता रोसा’च्या जोडीला ‘ब्लॅक अंबर’ आणि ‘फ्रायर’ हे काळ्या सालीचे, टणक वाण आले. या बदलामागचे कारण सरळ आहे. नवे वाण अधिक दिवस टिकतात आणि दूरच्या बाजारपेठेपर्यंत धडधाकट पोहोचतात. मात्र त्याच वेळी ग्राहकांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. बाहेरून काळेभोर, चकचकीत आणि टणक दिसणारे फळ कापल्यावर आतून तपकिरी, भुसभुशीत आणि बेचव निघते.

ही तक्रार वाणाविषयी असल्याचे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात ती तापमानाविषयी आणि तोडणीच्या वेळेविषयी आहे. नव्या वाणाने बागायतदाराला काही दिवस जास्त मिळवून दिले, परंतु ते दिवस जपण्याची व्यवस्था मात्र त्या प्रमाणात उभी राहिली नाही. या विसंगतीचा फटका बागेपासून घरच्या फ्रीजपर्यंत सर्वांनाच बसतो.

नाव एक, फळे दोन

आलुबुखारा हा शब्द फारसीतून आला. ‘आलू’ म्हणजे प्लम आणि बुखारा हे आज उझबेकिस्तानात असलेले प्राचीन व्यापारी शहर. मराठी वाचकांना हे नाव परिचित आहे ते प्रामुख्याने सुकवलेल्या आंबटगोड फळामुळे. किराणा दुकानात मिळणारा आणि मुंबईच्या बिर्याणीत हमखास सापडणारा हाच तो आलुबुखारा.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र बाजारातील प्लम मुख्यत्वे दोन निरनिराळ्या प्रजातींचे आहेत. पहिली युरोपीय प्रजाती. तिची फळे बहुधा लांबट, निळसर-जांभळी आणि साखरेने समृद्ध असतात. त्यांतील अनेक वाणांची कोय गरापासून सहज सुटते आणि ती फळे न आंबता सुकतात. बाजारात ‘प्रून’ या नावाने मिळणारे सुके फळ याच प्रजातीचे. दुसरी प्रजाती जपानी प्लम या नावाने ओळखली जाते, परंतु तिचे मूळ चीनमध्ये आहे. जपानमार्गे ती पाश्चात्त्य जगात गेली म्हणून तिला हे नाव चिकटले. तिची फळे गोलसर किंवा हृदयाच्या आकाराची, रसाळ आणि ताजी खाण्यास योग्य असतात. प्लमच्या जागतिक उत्पादनात आजही चीन सर्वांत पुढे आहे.

भारतात ताजे फळ म्हणून विकले जाणारे जवळपास सर्व प्लम या दुसऱ्या प्रजातीचे किंवा तिच्या संकरातून निर्माण झालेले आहेत. हा भेद केवळ शास्त्रीय नाही. प्रून सुकवून वर्षभर ठेवता येतो. जपानी प्लम मात्र रसाने भरलेला असल्याने तो आठवड्यांच्या नव्हे, तर दिवसांच्या हिशेबात विकावा लागतो.

वाणांचा प्रवास

आज जगभर पिकणाऱ्या जपानी प्लमचा इतिहास कॅलिफोर्नियातील ल्यूथर बरबँक या फळसंशोधकापाशी येऊन थांबतो. त्यांनी १८८५ मध्ये जपानमधून रोपे मागवली आणि त्यांच्या संकरातून अनेक वाण तयार केले. ‘सांता रोसा’ हा त्यांपैकी सर्वाधिक गाजलेला वाण १९०६ मध्ये बाहेर आला. ज्या गावी बरबँक यांची बाग होती, त्याच गावाचे नाव त्याला देण्यात आले. लालसर-जांभळी साल, कोयीजवळ लालसर होत जाणारा पिवळा गर, तीव्र सुवास आणि सालीजवळचा आंबटपणा ही त्याची ओळख. काही प्रमाणात स्वतःच्याच परागांनी फळधारणा करण्याची क्षमता असल्याने तो लहान बागायतदारांच्या सोयीचा ठरला. हिमाचलमध्ये दीर्घकाळ प्लम म्हणजे सांता रोसा असेच समीकरण होते. जूनमध्ये तयार होणारे हे फळ चवीला उत्तम, पण नाजूक. झाडावर पूर्ण पिकू दिल्यास ते दोन-तीन दिवसांत मऊ पडते.

त्याच्याही आधी, मे अखेरीस ‘रेड ब्यूट’ हा लवकर येणारा लाल वाण बाजारात दिसतो. हंगामाच्या आरंभी फळे कमी असल्याने त्याला भाव मिळतो, मात्र टिकण्याच्या बाबतीत तो जेमतेमच. ‘मॅरिपोसा’ हा आणखी एक जुना वाण. हिरवट-तांबूस ठिपकेदार साल आणि आत गडद लाल गर असलेला हा प्लम कापल्यावर ग्राहकाला चकित करतो.

काळ्या वाणांची कथा वेगळी आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाने १९६८ मध्ये ‘फ्रायर’ आणि १९८० मध्ये ‘ब्लॅक अंबर’ हे वाण प्रसारित केले. दोन्हींचे उद्दिष्ट एकच होते: मोठे, टणक, गडद रंगाचे आणि लांबच्या वाहतुकीला टिकणारे फळ. त्यांची साल काळीभोर आणि गर पिवळसर असतो. हिमाचलमध्ये ब्लॅक अंबर साधारणपणे जुलैमध्ये, तर फ्रायर त्यानंतर तयार होतो. त्यामुळे पूर्वी काही आठवड्यांत आटोपणारा प्लमचा हंगाम आता सुमारे अडीच-तीन महिन्यांवर पसरला आहे.

मैदानी प्रदेशाचे वाण याहून निराळे आहेत. पंजाबमध्ये ‘सतलज पर्पल’ आणि ‘काला अमृतसरी’ हे कमी थंडीवर फळणारे वाण लावले जातात व त्यांची फळे मे महिन्यातच तयार होतात. सतलज पर्पलला स्वतःच्या परागांनी फळधारणा होत नाही. म्हणून त्याच्या बागेत काला अमृतसरीची झाडे अधूनमधून लावावी लागतात. जपानी गटातील बहुसंख्य वाणांना अशा सोबती वाणाची गरज असते. त्यामुळे एकाच वाणाची सलग बाग हा प्लमच्या बाबतीत आतबट्ट्याचा व्यवहार ठरू शकतो.

झाडावरून उतरल्यानंतर

प्लम हे तोडणीनंतरही पिकणारे फळ आहे. या एका वाक्यात त्याची सोय आणि त्याचा धोका असे दोन्ही सामावलेले आहे. तोडल्यावर फळ मऊ होते, आम्लता घटते, सुवास वाढतो. साखर मात्र फारशी वाढत नाही. कच्च्या केळ्यात पिष्टमय पदार्थांचा साठा असतो आणि पिकताना त्याची साखर होते. तोडणीच्या वेळी प्लममध्ये असा साठा जवळजवळ नसतो. जी गोडी झाडावर आली, तीच शेवटपर्यंत असते. आम्लता कमी झाल्याने फळ नंतर अधिक गोड लागते, इतकेच.

याचाच अर्थ, वेळेआधी तोडलेला प्लम मऊ होईल, पण गोड होणार नाही. येथे काळ्या वाणांची एक मोठी अडचण पुढे येते. सांता रोसाचा रंग हळूहळू चढतो आणि बागायतदाराला त्यावरून तोडणीचा अंदाज बांधता येतो. ब्लॅक अंबर आणि फ्रायर मात्र पक्व होण्याच्या बरेच आधी काळे पडतात. केवळ रंग पाहून तोडणी केल्यास फळ दिसायला तयार आणि आतून अपक्व असते. शिवाय हंगामाच्या आरंभी भाव चढे असतात, मोसमी पावसाची चाहूल लागलेली असते आणि गारपिटीची भीती असते. अशा परिस्थितीत आठ दिवस थांबण्याचा सल्ला देणे सोपे, पाळणे अवघड. गराचा टणकपणा आणि रसातील साखरेचे प्रमाण मोजणारी साधी हस्तचलित उपकरणे उपलब्ध आहेत. मात्र बाजारात दर ठरतो तो आकार आणि रंग यांवरून. जोपर्यंत लिलावात गोडीला भाव नाही, तोपर्यंत ती मोजण्याचे प्रयोजन बागायतदाराला वाटणार नाही.

तोडणीनंतरचा दुसरा घटक म्हणजे उष्णता. तोडलेले फळ श्वसन करीत राहते आणि तापमानात दहा अंश सेल्सियसची वाढ झाली की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. जूनच्या दुपारी उन्हात तोडलेले, खोक्यात भरून पत्र्याच्या छताखाली ठेवलेले आणि मग मैदानी उकाड्यातून रात्रभर प्रवास केलेले फळ बाजारात पोहोचेपर्यंत आयुष्यातील मोठा हिस्सा खर्च करून बसलेले असते. नंतर शीतगृहात ठेवले तरी गेलेले दिवस परत मिळत नाहीत. म्हणूनच तोडणीनंतर काही तासांतच फळाच्या गाभ्यातील उष्णता काढून टाकण्याला, म्हणजे पूर्वशीतकरणाला, इतके महत्त्व आहे.

महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदारांना ही बाब नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ची स्थापना झाल्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी उत्पादनक्षेत्रातच पूर्वशीतकरणाच्या सुविधा उभ्या राहिल्या. नाशिक-सांगलीचे द्राक्ष युरोपपर्यंत ताजे पोहोचते, त्यामागे वाणाइतकाच या काही तासांचा वाटा आहे.

दोन ते आठ अंशांचा सापळा

थंड जागा म्हणजे सुरक्षित जागा, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्लमच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे. शून्य अंश सेल्सियसच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत बहुतेक जपानी प्लम वाणानुसार दोन ते पाच आठवडे चांगले राहतात. ‘अँजेलेनो’सारखा उशिरा येणारा वाण तर त्याहूनही अधिक काळ टिकतो. मात्र दोन ते आठ अंशांच्या दरम्यान अपक्व प्लम दीर्घकाळ ठेवल्यास त्याच्या गरात बिघाड सुरू होतो. पेशींमधील पिकण्याच्या क्रिया विस्कळीत होतात. गर कोयीभोवती तपकिरी पडतो, कधी काचेसारखा पारदर्शक व चिकट होतो, तर कधी कोरडा आणि भुसभुशीत. बाहेरून यातील काहीही दिसत नाही. फळ शीतगृहातून काढून सामान्य तापमानात आणल्यावरच हा दोष प्रकट होतो, म्हणजे नेमका ग्राहकाच्या घरी.

काळे टणक वाण या दोषापासून मुक्त नाहीत. उलट ते अधिक काळ साठवले जातात, म्हणून दोष त्यांच्यात अधिक आढळतो. शून्य अंशावर जे फळ महिनाभर चांगले राहते, तेच पाच अंशांवर त्याच्या बरेच आधी आतून खराब होऊ शकते. पाच अंश हे तापमान शून्यापेक्षा ‘थोडेसेच जास्त’ वाटते, पण प्लमसाठी ते सर्वांत घातक पट्ट्यात मोडते.

दक्षिण गोलार्धातील निर्यातदारांनी या अडचणीवर शोधलेला उपाय बोलका आहे. दक्षिण आफ्रिकेतून समुद्रमार्गे जाणाऱ्या प्लमच्या अनेक वाणांसाठी दुहेरी तापमानाची पद्धत वापरली जाते. फळ आधी शून्याच्या किंचित खाली ठेवतात, मग काही दिवस तापमान साडेसात अंशांच्या आसपास नेतात आणि पुन्हा शून्याखाली आणतात. मधल्या ऊबदार टप्प्यात पिकण्याची क्रिया जागी राहते आणि गरातील बिघाड टळतो. फळ तोडल्यापासून विकेपर्यंत प्रत्येक दिवसाचे तापमान कोणाच्या तरी नोंदीत आहे, तेव्हाच अशी पद्धत शक्य होते. भारतातील देशांतर्गत व्यापारात नेमकी हीच कडी सर्वांत कच्ची आहे. येथे फळ बाग, खोके, मालमोटार, अडत, घाऊक गाळा, किरकोळ दुकान अशा अनेक हातांतून जाते आणि प्रत्येक हाताचे तापमान निराळे असते.

सफरचंदासाठी घडलेली व्यवस्था

हिमाचलमध्ये शीतगृहेच नाहीत असे नाही. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या फलोत्पादन विपणन व प्रक्रिया महामंडळाची गुम्मा, जरोल-टिक्कर, रोहडू यांसारख्या ठिकाणी नियंत्रित वातावरणाची शीतगृहे आहेत. खासगी कंपन्यांनीही अशी गृहे उभारली आहेत. मात्र या व्यवस्थेची रचना सफरचंद डोळ्यांसमोर ठेवून झाली. तेथे हवाबंद मोठी दालने एकदा भरायची, प्राणवायूचे प्रमाण घटवायचे आणि अनेक महिन्यांनी दालन उघडायचे अशी पद्धत असते. सफरचंद असे आठ-दहा महिने राहू शकते.

प्लमची गरज याच्या अगदी उलट आहे. त्याला महिने नकोत, तास हवेत. दररोज थोडा माल येतो, तो चार-सहा तासांत थंड व्हावा आणि शीतवाहनातून पुढे जावा, अशी छोटी एकके त्याला लागतात. तयार सफरचंदातून पिकण्याला चालना देणारा इथिलीन वायू बाहेर पडतो. त्यामुळे दोन्ही फळे एकाच दालनात ठेवणेही हितावह नाही.

शासकीय साहाय्य नाही, असेही म्हणता येणार नाही. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात शीतगृहांसाठी सर्वसाधारण भागात ३५ टक्के, तर डोंगराळ भागात ५० टक्के अनुदानाची तरतूद आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत मिळते. प्रश्न अर्थकारणाचा आहे. केवळ प्लमसाठी उभारलेले पूर्वशीतकरण केंद्र वर्षातील नऊ-दहा महिने बंद राहील आणि तोट्यात जाईल. ते चालवायचे तर मे महिन्यातील चेरीपासून जर्दाळू, पीच, प्लम, नाशपाती आणि शेवटी सफरचंदापर्यंतची साखळी त्याच केंद्रातून गेली पाहिजे. लहान बागा विखुरलेल्या असल्याने हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे, तर सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचे आहे. दुसरा, अल्पखर्चिक पर्याय असा की सफरचंदाच्या शीतगृहांतील जून-जुलैमध्ये बहुधा रिकामी असणारी दालने त्या काळात प्लमच्या झटपट शीतकरणासाठी वापरावीत. त्यासाठी नवी इमारत नको, थोडी जोडयंत्रणा आणि वेळापत्रकातील बदल पुरेसा ठरू शकेल.

पावसाळा आणि रस्ता

कुलूपासून दिल्ली सुमारे ५०० किलोमीटर अंतरावर आहे आणि तेथील फळांचा मुख्य मार्ग एकच: चंदीगड-मनाली राष्ट्रीय महामार्ग. बियास नदीच्या अरुंद खोऱ्यातून जाणारा हा रस्ता पावसाळ्यात वारंवार दरडींखाली जातो. जुलै २०२३ मध्ये आलेल्या महापुराने कुलू आणि मंडी जिल्ह्यांतील रस्ते व पूल उद्ध्वस्त केले. तो काळ प्लमच्या हंगामाचा होता. २०२५ च्या पावसाळ्यातही मंडी जिल्ह्यात ढगफुटीने मोठी हानी झाली आणि महामार्ग पुनःपुन्हा बंद पडला.

सफरचंद दोन दिवस अडकले तर नुकसान होते. प्लम दोन दिवस अडकला तर बहुधा तो विकण्याजोगाच राहत नाही. टणक वाणांकडे बागायतदार वळले, त्यामागे ही धास्तीही आहे. टणक वाण म्हणजे त्यांच्यासाठी एक प्रकारचा विमाच होय. रस्ता बंद पडण्याच्या भीतीने फळ आणखी कच्चे तोडण्याकडे कल वाढतो आणि वर वर्णिलेला चवीचा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

काश्मीरच्या बाबतीत चित्र थोडे बदलू लागले आहे. जून २०२५ मध्ये काश्मीर खोरे उर्वरित देशाशी रेल्वेने जोडले गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बडगाम येथून दिल्लीतील आदर्शनगरसाठी सफरचंदांची पार्सल गाडी सुरू झाली. ही सोय प्लमच्या हंगामातही नियमितपणे आणि थंड डब्यांसह मिळाली, तर महामार्गावरचे अवलंबित्व घटेल. कुलूपर्यंत मात्र रेल्वे नाही.

हवामानाचे आव्हान

प्लमकडे वाढलेल्या ओढ्यामागे हवामानाचाही संबंध आहे. सफरचंदाच्या पारंपरिक वाणांना हिवाळ्यात सात अंशांखालील थंडीचे हजार-बाराशे तास लागतात. कुलू खोऱ्याच्या खालच्या भागात अशी थंडी आता भरवशाची राहिलेली नाही. सफरचंदाचा पट्टा वर सरकत असून खालच्या उतारांवर डाळिंब, जपानी फळ, किवी आणि प्लम यांनी त्याची जागा घेतली आहे. जपानी प्लमला सफरचंदापेक्षा कमी थंडी पुरते.

परंतु त्यामुळेच तो लवकर, फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये, फुलतो. या काळात पश्चिमी विक्षोभामुळे पाऊस, गारपीट किंवा अचानक कडाक्याची थंडी आली तर मोहोर गळतो आणि मधमाश्यांचा वावर थांबतो. हिवाळा ऊबदार गेल्यास फुले आणखी लवकर उमलतात आणि धोका वाढतो. सफरचंदाला पर्याय म्हणून प्लमकडे पाहताना ही जोखीम दृष्टीआड करता येत नाही.

फळ निवडताना

या साऱ्या साखळीचे शेवटचे टोक ग्राहकाच्या हाती आहे. निवडीविषयीची काही माहिती असल्यास फसगत बरीचशी टळू शकते.

पहिली बाब रंगाची. लाल वाणांत रंगाची खोली पक्वतेची कल्पना देते. काळ्या वाणांत ती देत नाही. म्हणून ब्लॅक अंबर किंवा फ्रायर घेताना केवळ काळेपणावर विसंबू नये. अंगठ्याने जोर देऊन फळ दाबणे विक्रेत्याला आणि फळालाही अपायकारक आहे. तळहातावर घेऊन देठाच्या विरुद्ध टोकाशी हलकेच स्पर्श करावा. तेथे किंचित लवचिकपणा जाणवल्यास फळ एक-दोन दिवसांत खाण्यास योग्य होईल.

दुसरी बाब सालीवरील पांढरट थराची. अनेकांना तो औषधाचा अंश वाटतो. प्रत्यक्षात ते फळाचे स्वाभाविक मेण असते आणि ओलावा टिकवण्याचे काम करते. हा थर शाबूत असेल तर फळाची हाताळणी कमी झाली, असे समजावे. घासून चमकवलेल्या फळापेक्षा असे धूसर फळ अधिक विश्वासार्ह. अर्थात, खाण्यापूर्वी कोणतेही फळ स्वच्छ धुणे आवश्यकच आहे.

तिसरी बाब सुवासाची. पिकलेल्या सांता रोसाला स्पष्ट सुगंध असतो. टणक वाणांत तो मंद असतो, पण अजिबात नसल्यास फळ अपक्व असण्याची शक्यता अधिक. देठाजवळ सुरकुत्या असतील तर फळातील पाणी उडाले आहे. तपकिरी मऊ डाग असतील तर ती बुरशीची सुरुवात असू शकते आणि असे एक फळ सबंध खोक्याला बाधा पोहोचवते. आकाराने मोठे फळ गोडच असेल असेही नाही. वजनाला भरीव लागणारे मध्यम फळ अनेकदा सरस ठरते.

हंगामाचे भानही उपयोगी आहे. जूनमधील सांता रोसा लगेच खाण्यासाठी किंवा मुरांबा, चटणी व सरबतासाठी घ्यावा. जुलै-ऑगस्टमधील काळे वाण काही दिवस ठेवता येतात. वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत दुकानात दिसणारे प्लम बहुधा दक्षिण गोलार्धातून आयात केलेले असतात.

घरी साठवताना

घरगुती फ्रीजचे तापमान साधारणपणे चार ते आठ अंश असते. हाच अपक्व प्लमसाठी घातक असलेला पट्टा होय, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणून टणक फळे आणल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवू नयेत. ती उन्हापासून दूर, खोलीच्या तापमानाला, एका थरात पसरून ठेवावीत. वाण आणि पक्वता यांनुसार दोन ते चार दिवसांत ती मऊ होतात. घाई असल्यास कागदी पिशवीत एखाद्या पिकलेल्या केळ्यासह ठेवल्यास ही क्रिया वेग घेते. मे-जूनमध्ये खोलीचे तापमान चाळीस अंशांच्या घरात जाणाऱ्या विदर्भासारख्या प्रदेशात घरातील सर्वांत थंड कोपरा निवडावा, कारण अतिउष्णतेतही फळ नीट पिकत नाही.

फळ खाण्याजोगे झाले की मग फ्रीजमध्ये ठेवावे. पिकलेले फळ तेथे तीन ते पाच दिवस सुस्थितीत राहते. ते न धुता, छिद्रे असलेल्या पिशवीत ठेवावे आणि खाण्याच्या वेळी धुवावे. फळे जास्त असतील तर कोय काढून फोडी बर्फाच्या कप्प्यात गोठवाव्यात किंवा शिजवून गर करून ठेवावा. थोडक्यात, क्रम असा: आधी पिकवणे, मग थंड करणे. हा क्रम उलटला की उत्तम वाणाचे फळही आतून तपकिरी निघते आणि दोष बागायतदाराच्या माथी येतो.

निष्कर्ष

बाजारात एकदा फसलेला ग्राहक प्लमकडे पुन्हा सहज वळत नाही. त्याच्या नापसंतीची किंमत अडत्याला नव्हे, तर पुढील हंगामात भाव पडलेल्या बागायतदाराला मोजावी लागते. म्हणूनच वाणबदलाला यश म्हणण्याची घाई करता येणार नाही. ब्लॅक अंबर आणि फ्रायर यांनी पहाडातील बागायतदारांना वेळ मिळवून दिला, हे निश्चित. परंतु तो वेळ बागेजवळील पूर्वशीतकरण, योग्य तापमानाची वाहतूक आणि गोडीला भाव देणारी प्रतवारी यांच्या अभावी वाटेतच खर्ची पडत आहे.

नव्या वाणांची कलमे आयात करणे हे तुलनेने सोपे काम होते आणि ते पार पडले. चार-सहा तासांत फळ थंड करणारी छोटी केंद्रे गावपातळीवर उभारणे आणि अनेक फळांच्या आधारे ती चालती ठेवणे हे पुढचे, अधिक अवघड काम आहे. हवामान सफरचंदाला वर ढकलत असताना मध्यम उंचीवरील कुटुंबांना जगवणारे पीक म्हणून प्लम उभा राहील की नाही, याचा निर्णय बहुतांशी त्या कामावर अवलंबून राहील.